मुलांसाठी म्युझिक थेरपी: पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

डॉक्टरांनी किंवा शाळेने म्युझिक थेरपी सुचवली की आईबाबा पहिल्यांदा नेटवर शोधतात, आणि तिथे एकीकडे संगीताने सगळं बरं होतं असे दावे असतात, दुसरीकडे हे सगळं थोतांड आहे म्हणणारे असतात. मी मुलांसोबत हेच काम करते. सेशन संपल्यावर दारात उभं राहून पालक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

म्युझिक थेरपी म्हणजे मुलाला गाणी ऐकवायची, एवढंच ना?

नाही हो, ऐकणं हा त्यातला अगदी छोटा भाग आहे. शिकलेला थेरपिस्ट आधी मुलाला नीट पाहतो, पालकांशी बोलतो, मग काही ठोस ध्येयं ठरवतो, आणि ती ध्येयं संगीताची नसतातच. म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबता येणं, अधू हात कामात आणणं, काय हवंय ते रडण्याऐवजी खुणेने किंवा शब्दाने सांगणं, सुई दिसली की होणारी घाबरगुंडी कमी होणं, अशी. तिथे पोचायला मग गाणं, ताल, वाद्यं, सूर, कधी मुलाने स्वतः रचलेल्या दोन ओळी, जे उपयोगी पडेल ते वापरलं जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोर एक माणूस असतो जो मुलाच्या प्रत्येक आवाजाला उत्तर देतो. स्पीकर ते करू शकत नाही.

मग गाण्याच्या क्लासला घातलं तर चालणार नाही का?

मुलाला आवडत असेल तर जरूर घाला, पण ते वेगळं आहे. क्लासमध्ये मूल गाणं शिकतं, चुकलं की दुरुस्त करतात. थेरपीत चूक असं काही नसतंच, मुलाने कीबोर्डवर कोपर टेकवून धडाम आवाज काढला तरी थेरपिस्ट त्यातून पुढे जातो.

सेशनमध्ये नक्की काय चालतं? बाहेर बसून फक्त ढमढम ऐकू येतं.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण बाहेरून खरंच तसंच वाटतं.

सेशन साधारण अर्ध्या ते पाऊण तासाचं असतं. सुरुवातीला एक ठरलेलं हॅलोचं गाणं, शेवटी बायबायचं गाणं, दर वेळी तेच. अनेक मुलांना पुढे काय होणार हे माहीत नसलं की धास्ती वाटते, ती या ठरलेल्या गाण्यांनी बरीच उतरते. मधल्या वेळात काय होईल ते मुलावर अवलंबून.

समजा चारपाच वर्षांचं मूल आहे, बोलत नाही, नजर देत नाही, खोलीभर फिरतंय. मी त्याला बस म्हणत नाही. त्याच्या पावलांचा वेग बघून तोच वेग ड्रमवर धरते. ते थांबलं की मीपण थांबते, ते पळालं की ड्रम पळतो. थोड्या वेळाने मुलाच्या लक्षात येतं की हा आवाज माझ्यामुळे होतोय, आणि मग ते मुद्दाम थांबून माझ्याकडे बघतं, वाजतंय का थांबलंय ते तपासायला. तो एक क्षण म्हणजे नजर देणं, लक्ष देणं, देवाणघेवाण, सगळं एकदम. मग मी ड्रम पुढे सरकवते, ते दोनदा थाप मारतं, मी दोनदा मारते, आणि वाट बघते.

ही वाट बघणं म्हणजे अर्धी थेरपी आहे. ओळखीच्या बडबडगीताचा शेवटचा शब्द मी गिळते, सूर तिथेच लटकवून ठेवते. कानाला ती ओळ पुरी व्हायला हवी असते, आणि कित्येक मुलं त्या पोकळीत काहीतरी टाकतात, कधी नुसता "आ", कधी हाताची हालचाल, कधी चक्क तो शब्द. बाहेर बसलेल्या आईला वाटतं मॅडम गाणं विसरल्या की काय! शक्य असेल तेव्हा पालकांना आत बसवावं या मताची मी त्यामुळेच आहे, पाहिलं की घरी तेच करता येतं.

फायदे कोणते ते जरा सविस्तर सांगा ना.

मुलागणिक फरक पडतो, तरी सगळ्यात जास्त दिसणारे सांगते.

बोलणं आणि भाषा. गाण्यात शब्द संथ होतात, लांबतात, पुन्हा पुन्हा येतात, आणि ताल पुढचा शब्द कधी येणार ते आधीच सांगतो. त्यामुळे बोलायला अडखळणारं मूल गाताना मोकळं होतं असं बऱ्याचदा दिसतं, तोतरेपणा असलेली मुलं गाताना सहसा अडखळत नाहीत हे तर फार जुनं निरीक्षण आहे. पण गाता आलं म्हणजे लगेच बोलता आलं असं होत नाही, गाण्यातून बोलण्याकडे हळूहळू न्यावं लागतं.

हालचाल. कान आणि हालचाल सांभाळणारे मेंदूचे भाग एकमेकांशी घट्ट जोडलेले आहेत, ठेका ऐकला की पाय आपोआप हलतो तो त्यामुळेच. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या काही मुलांना चालताना स्थिर ठेका दिला की पावलं जास्त सारखी पडतात. संशोधक मायकेल थॉट यांनी 1990 च्या दशकात हे तंत्र नीट बसवलं, आज ते फिजिओथेरपीच्या जोडीने वापरलं जातं. आणि साधी गोष्ट म्हणजे हात वर करण्याचा तोच व्यायाम दहा वेळा कर म्हटलं की मूल कंटाळतं, वर टांगलेल्या झांजेला मारायला मात्र पंचवीस वेळा हात वर करतं आणि अजून म्हणतं.

दुसऱ्यांसोबत असणं. कर्शनर आणि टोमासेलो यांच्या 2010 च्या प्रयोगात चार वर्षांची मुलं जोडीने खेळली, काहींनी एकत्र गात-वाजवत, काहींनी तसाच खेळ संगीताशिवाय. नंतर एकमेकांना मदत करण्याची वेळ आली तेव्हा गाण्यावाजवण्यातली मुलं जास्त मदत करताना दिसली. थेरपीचा नाही हा प्रयोग, साध्या मुलांचा आहे, पण आम्ही ग्रुप सेशन का घेतो ते यातून कळतं.

भावना. रागावलेल्या मुलाला "राग का आला सांग" म्हटलं तर ते गप्प बसतं. ड्रम दिला तर सांगतं. मोठ्या मुलांसोबत, टीनएजर्ससोबत तर गाणी लिहिणं फार कामी येतं, जे आईबाबांना सांगता येत नाही ते गाण्यात "कुणीतरी" म्हणून लिहिता येतं.

ऑटिझमसाठी खरंच उपयोग होतो का? संशोधन काय सांगतं?

इथे मी दोन्ही बाजू सांगते, कारण पालकांना अर्धवट माहिती देणं मला पटत नाही.

2017 साली जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला, 9 देश, 364 मुलं, वय 4 ते 7 च्या मधलं. पाच महिने इम्प्रोव्हायझेशनवर, म्हणजे मुलासोबत तिथल्या तिथे सुचेल तसं गाण्यावाजवण्यावर आधारलेली म्युझिक थेरपी दिली. ऑटिझमच्या सामाजिक लक्षणांच्या ठरावीक चाचणीत, थेरपी मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत लक्षणीय फरक दिसला नाही. आमच्या क्षेत्रात यावर खूप चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती.

मग 2022 मध्ये कोक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला, त्यात 26 अभ्यास आणि 1165 लोक होते. त्यात असं निघालं की म्युझिक थेरपीने एकूण सुधारणा होण्याची शक्यता वाढते, जगण्याचा दर्जा थोडा सुधारतो, लक्षणांची एकूण तीव्रता बरीच कमी होते. पण सामाजिक देवाणघेवाण, बोलून किंवा न बोलता संवाद, यांत थेरपी संपल्यानंतर स्पष्ट फरक सांगता आला नाही. दुष्परिणामही वाढलेले दिसले नाहीत.

माझं मत विचाराल तर, ऑटिझम "काढून टाकायचा" म्हणून येऊ नका, तसं कुणी सांगत असेल तर तिथून निघा. मूल आनंदाने माणसांजवळ यावं, घरच्यांशी त्याचं नातं मोकळं व्हावं, रोजचं जगणं सोपं व्हावं, यासाठी या. मूल सेशनमध्ये हसतंय, पुढाकार घेतंय, नंतर घरी आजोबांच्या टेबलावर टकटक करून त्यांच्या टकटकीची वाट बघतंय, हे चाचणीच्या आकड्यात पटकन बसत नाही पण त्या घरासाठी ते फार मोठं असतं.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाला संगीत द्यावं का? बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे.

द्यावं, पण डॉक्टर आणि नर्सना विचारूनच, आणि फार हळू. या बाळांचे कान आणि मेंदू अजून तयार होत असतात, एनआयसीयूत मशीनचे अलार्म आधीच भरपूर असतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1997 मध्येच सांगितलं होतं की तिथला आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये. त्यामुळे इन्क्युबेटरमध्ये मोबाईल ठेवून गाणी लावणं, प्लीज, नको.

आईचा किंवा बाबांचा स्वतःचा आवाज सगळ्यात चांगला. नवजात बाळ आईचा आवाज ओळखतं आणि तोच पसंत करतं, हे डीकास्पर आणि फायफर यांनी 1980 मध्येच दाखवलंय. म्युझिक थेरपिस्ट जोआन लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2013 चा अभ्यास 11 एनआयसीयूंमधल्या 272 बाळांवर होता. समुद्रासारखा मंद आवाज करणारी तबकडी, हृदयाच्या ठोक्यासारखं वाजणारं लाकडी खोकं, आणि आईबाबांच्या आवडीचं गाणं अंगाईसारखं गाणं, असं तीन प्रकारे बाळाच्या श्वासाशी जुळवून घेत वाजवलं गेलं. बाळांचे ठोके, झोप, दूध ओढणं यांवर चांगला परिणाम दिसला, आणि आईबाबांचा ताण कमी झाला. तो शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण काचेच्या पलीकडे बाळ ठेवून बसलेल्या आईला आपण काहीच करू शकत नाही असं वाटत असतं, आणि गाणं ही एक गोष्ट फक्त तिलाच करता येते.

म्युझिक थेरपीतल्या संशोधक जेन स्टँडली यांनी एक चोखणीही तयार करून घेतली, बाळाने नीट चोखलं की थोडा वेळ अंगाई वाजते, थांबलं की बंद होते. गाणं हवं म्हणून बाळ चोखत राहतं आणि दूध ओढायचा सराव होतो.

इंजेक्शन, सलाईन, ऑपरेशनची भीती कमी होते का?

बऱ्याच मुलांची होते. 2013 मध्ये जामा पेडियाट्रिक्समध्ये 3 ते 11 वर्षांच्या 42 मुलांचा अभ्यास आला होता, इमर्जन्सी विभागात सलाईनची सुई लावताना काहींना संगीत होतं, काहींना नव्हतं. नसलेल्या गटात दुखण्याचा स्कोअर वाढला, असलेल्या गटात वाढला नाही, आणि सुई लावणाऱ्यांनाही काम सोपं गेलं असं त्यांनी सांगितलं. ते रेकॉर्ड केलेलं संगीत होतं हे लक्षात घ्या. थेरपिस्ट हजर असेल तर तो मुलाचा श्वास बघून गाण्याचा वेग बदलतो, सुई टोचायच्या क्षणाला मुलाला जोरात गायला लावतो, आणि नंतर रडू आलं तर त्यालाही जागा देतो.

तुम्हाला करता येईल असं एक, प्रोसिजरच्या आधीच्या दिवसांत एखादं गाणं घरी मजेत गाऊन पक्कं करून ठेवा, मग तिथे तेच गा. फक्त मुलाचं सगळ्यात लाडकं गाणं त्यासाठी वापरू नका, ते दुखण्याशी जोडलं जायला नको.

मोझार्ट ऐकवला की मूल हुशार होतं म्हणतात, खरं का?

नाही. 1993 मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, तो कॉलेजच्या मुलांवर होता, लहान बाळं त्यात नव्हतीच. मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांच्या कोड्यात त्यांना थोडे जास्त गुण मिळाले, आणि तो परिणाम 10-15 मिनिटांत ओसरला. यातून एवढं वादळ उठलं की 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत द्यायचा प्रस्ताव मांडला. नंतरच्या संशोधकांना जो काही थोडा परिणाम दिसला तो मुख्यतः मूड ताजा झाल्याचा होता. मोझार्ट आवडतो तर ऐका, ब्रेनसाठी टॉनिक म्हणून नको. अमुक हर्ट्झचं संगीत अमुक आजार बरा करतं या व्हिडिओंचंही तेच, त्यांना आधार नाही.

आमच्या मुलाला सूर कळत नाही, आम्हालाही नाही.

काही फरक पडत नाही. खरंच.

मूल मोठा आवाज आला की कान झाकतं. मग म्युझिक थेरपी त्याला त्रासच देईल ना?

चुकीच्या पद्धतीने केली तर देईल. पहिल्याच भेटीत हे सांगा, लिहून द्या, कुठले आवाज खुपतात तेही. मग सुरुवात एकाच वाद्याने, हळू, दूर अंतरावरून होते आणि आवाज कमीजास्त करायचा अधिकार मुलाकडे दिला जातो. स्वतः काढलेला आवाज मुलं जास्त सहन करतात कारण तो कधी येणार हे त्यांना माहीत असतं. हाताने थांब केलं की सगळे थांबणार, हा नियम एकदा मुलाला कळला की भीती बरीच उतरते. मूल सतत कान झाकतंय, रडतंय आणि समोरचा "सवय होईल" म्हणत वाजवतोय असं दिसलं तर सेशन थांबवायला सांगा, अजिबात संकोच करू नका.

ऐकू कमी येतं, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवलेलं यंत्र) आहे. उपयोग होईल?

होतो. इम्प्लांटमधून ताल चांगला कळतो, सुरांचे बारीक चढउतार नीट कळत नाहीत, त्यामुळे ताल, हालचाल आणि कंपनं यांवर भर देतात. ड्रमवर हात किंवा फुगा ठेवून आवाज जाणवतो, मुलांना ते भयंकर आवडतं.

फिट्स येतात, चालेल का?

बहुतेकांना चालतं. संगीतामुळे फिट येण्याचा एक प्रकार आहे, पण तो फार दुर्मीळ. न्यूरॉलॉजिस्टला विचारा आणि थेरपिस्टला फिट आल्यावर काय करायचं ते आधीच सांगून ठेवा.

घरी आम्ही काय करू शकतो?

भरपूर. पण घरी थेरपिस्ट बनू नका, आईबाबाच राहा.

मुलाने काढलेला आवाज परत काढा, आणि थांबा. मनातल्या मनात पाच मोजा, आपण मोठी माणसं फार लवकर मध्ये बोलतो. रोजच्या कामांना छोटी गाणी जोडा, दात घासायचं, बूट घालायचं, खेळणी आवरायचं, चाल कुठलीही चालेल, शब्द तेच ठेवा. एका कामाकडून दुसऱ्याकडे जाताना हट्ट करणाऱ्या मुलांना याचा फार फायदा होतो, सूचना ऐकली की चिडतात, गाणं ऐकलं की शरीर आपोआप वळतं. वाद्यं विकत आणायलाच हवीत असं नाही, झाकण नीट चिकटवलेल्या डब्यात काही घालून खुळखुळा होतो, लहान मूल असेल तर झाकण उघडत नाही ना ते दोनदा बघा.

आणि स्वतः गा. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये वर्षाच्या आतल्या बाळांना अनोळखी भाषेतलं गाणं ऐकवलं, तर बाळं साधारण 9 मिनिटं शांत राहिली, बोलणं ऐकवलं तेव्हा मात्र त्याच्या निम्म्याच वेळात रडवेली झाली.

मोबाईलवर गाणी लावून दिली तर?

कधीतरी ठीक आहे, पण याला थेरपी म्हणू नका. मोबाईल मुलासाठी थांबत नाही, मूल गप्प झालं तरी तो तसाच वाजत राहतो. हेडफोन लावत असाल तर आवाजाकडे लक्ष द्या, जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला 75 डेसिबलवर 40 तास ही मर्यादा सांगितली आहे, आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो. आणि दिवसभर मागे गाणी चालू ठेवली तर मूल ऐकणंच सोडून देतं.

स्पीच थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी बंद करून ही सुरू करू का?

नको. जोडीने करा, आणि सगळ्या थेरपिस्टना एकमेकांशी बोलायला लावा. स्पीचमध्ये "प" चा सराव चालू असेल तर मी "प" ची गाणी घेते, मग मुलाचा दुप्पट सराव होतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं तर स्वतःहून बंद करायचीच नाहीत.

चांगला थेरपिस्ट कसा ओळखायचा?

छान गातो म्हणून निवडू नका. म्युझिक थेरपी हे रीतसर शिकायचं क्षेत्र आहे, 1944 मध्ये मिशिगन स्टेटमध्ये याचा पहिला विद्यापीठातला कोर्स सुरू झाला, पुढे पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स या जोडीने दिव्यांग मुलांसोबत काम करायची एक पूर्ण पद्धतच उभी केली, 1985 पासून जागतिक फेडरेशनही आहे. त्यामुळे कुठे शिकलात, मुलांसोबत देखरेखीखाली किती काम केलंत, असं सरळ विचारा. ध्येयं लिहून देता का, प्रगतीची नोंद ठेवता का, आम्हाला आत बसता येईल का, हेही. चांगल्या माणसाला हे प्रश्न आवडतात. गॅरंटी देणारा, "बरा करून दाखवतो" म्हणणारा आणि पालकांना कायम दाराबाहेर ठेवणारा, या तिघांपासून लांब राहा.

किती दिवसांत फरक दिसेल?

काही मुलं दुसऱ्यातिसऱ्या सेशनलाच खुलतात, पण ते खोलीतलं खुलणं असतं, तेच घरी, शाळेत दिसायला महिने लागतात. आठवड्यातून एकदोनदा, नियमित, आणि साधारण तीन महिन्यांनी बसून ध्येयं तपासायची, असं ठेवा. मध्येच मूल मागे गेल्यासारखं वाटतं, आजारपण, शाळा बदलणं, घरात नवं बाळ, काहीही कारण असतं. एक काम करा, सुरू करण्याआधी आणि नंतर दर महिन्याला घरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, व्हिडिओत दिसतो. आणि व्हिडिओतही काहीच दिसत नसेल तर तेही थेरपिस्टला तोंडावर सांगा, पद्धत बदलायला हवी असते.

मग थांबवायची कधी?

ठरवलेली ध्येयं गाठली की, किंवा दोनदा बदल करूनही काहीच हलत नसेल तर, किंवा मूल स्वतः नको म्हणत असेल तर. फक्त एकदम बंद करू नका. मुलाचं त्या माणसाशी नातं जुळलेलं असतं, त्यामुळे शेवटची तीनचार सेशन्स निरोपासाठी ठेवायला सांगा, कॅलेंडरवर खुणा करून मुलाला दाखवा, आणि दोघांनी मिळून केलेलं एखादं गाणं रेकॉर्ड करून घरी घेऊन जा.